समाधानी कामगारांची टक्केवारी आणि न विचारलेले प्रश्न

कामगारांना आपल्या नोकरीबद्दल, देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल आणि एकूण जगण्याबद्दल काय वाटते, हे सांगणारी सर्वेक्षणे सतत प्रसिद्ध होत असतात. बातमीच्या मथळ्यात मात्र त्यातला एकच आकडा झळकतो, तो म्हणजे इतके टक्के कर्मचारी कामावर समाधानी आहेत. मला वाटते, साऱ्या प्रश्नावलीतला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा हाच आहे. ज्या सर्वेक्षणाची सगळी भिस्त ‘तुम्ही समाधानी आहात का’ या प्रश्नावर असते, त्यातून कामगाराबद्दल फार थोडे कळते, आणि त्या थोड्यावर धोरणे ठरू लागली की त्याची किंमत कामगारालाच मोजावी लागते.

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला मोठ्या संख्येने ‘होय’ असेच उत्तर येते. ते खोटे असते असे नाही. माणूस आपल्या कामाची तुलना जगातल्या उत्तम कामाशी करत नाही, आपल्याला मिळू शकणाऱ्या दुसऱ्या कामाशी करतो. परिस्थिती बदलत नाही असे दिसले की तो अपेक्षा खाली आणतो आणि खाली आणलेल्या अपेक्षांच्या मानाने समाधानी होतो. मानसशास्त्रज्ञ अग्नेस ब्रुगेमान यांनी 1974 मध्ये या प्रकाराला हताशेतून आलेले समाधान म्हणून वेगळे काढले होते. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी 1997 मध्ये ब्रिटनमधील माहितीच्या आधारे दाखवून दिले की स्त्रिया पुरुषांपेक्षा कामावर अधिक समाधानी असल्याचे सांगतात, आणि त्यांचे पगार व पदे पाहता हे कोडेच वाटते. त्यांनी त्याचे कारण कमी अपेक्षांमध्ये शोधले. ज्याने कमी मागायची सवय लावून घेतली आहे, त्याचे समाधान पुरावा म्हणून पुढे करून त्याला आणखी कमी देणे, हा मला अन्याय वाटतो.

प्रश्नावली घेऊन कामगारांसमोर बसण्याचे काम मी काही काळ केले आहे. पॅकिंग विभागातील एका बाईंनी समाधानाचा प्रश्न मी पुरता वाचण्याआधीच ‘समाधानी’ या उत्तराकडे बोट दाखवले होते. पुढचा प्रश्न होता, गेल्या सात दिवसांत जेवणाची सुट्टी पूर्ण मिळाली असे दिवस किती. त्या थांबल्या, बोटांवर मोजू लागल्या, मध्येच एक बोट मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाल्या, “दोन. नाही, एकच. दुसऱ्या दिवशी गाडी भरायची होती.” त्यानंतर पाळी संपल्यावरचे बिनपगारी अर्धे तास, पाठीचे दुखणे आणि ते सांगितले तर काम जाईल ही धास्ती, सारे आपोआप बाहेर आले. त्यांचे पहिले उत्तर मी खोडले नाही, पण त्या विभागाबद्दल मला जे काही कळले ते दुसऱ्या उत्तरातून.

हा अनुभव नवा नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 ते 1930 या काळात सुमारे 21 हजार कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला मुलाखतकार ठरावीक प्रश्न विचारत. कामगार मात्र त्या प्रश्नांना जेमतेम उत्तर देऊन आपल्याला बोलायचे असेल त्या विषयाकडे वळत. शेवटी पद्धतच बदलावी लागली. प्रश्न बाजूला ठेवून ऐकायचे असे ठरले, आणि अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबू लागली. आज बटण दाबून पाच मिनिटांत संपणाऱ्या प्रश्नावल्या पाहिल्या की वाटते, तिथे शिकलेला धडा आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

प्रश्न कोण विचारतो आणि कुठे विचारतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मालकाने पाठवलेल्या दुव्यावर, कंपनीच्या संगणकावर, साहेब दोन टेबले पलीकडे बसलेले असताना दिलेले उत्तर मोकळे असेल अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. ‘तुमचे नाव कळणार नाही’ या आश्वासनाखालीच वय, विभाग, पद आणि नोकरीची वर्षे विचारली जातात; सात माणसांच्या विभागात एवढ्यावरून माणूस ओळखता येतो आणि कामगाराला ते पक्के ठाऊक असते. युरोपमध्ये 1991 पासून कामाच्या परिस्थितीचे जे मोठे सर्वेक्षण होत आले आहे, त्यात मुलाखती प्रामुख्याने कामगारांच्या घरी, समोरासमोर घेतल्या गेल्या. हे खर्चाचे काम आहे, पण मोकळे उत्तर हवे असेल तर हा खर्च टाळता येत नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ज्यांच्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही त्यांची. 1936 च्या अमेरिकी निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या, तरीही साप्ताहिकाने जिंकेल म्हणून सांगितलेला उमेदवार दणदणीत हरला, कारण पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांमधून घेतले होते आणि उत्तर पाठवणारेही विशिष्ट मताचे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातील दोन अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक, असंघटित स्वरूपाच्या कामात आहेत. ईमेलवर पाठवलेली प्रश्नावली त्यांच्यापर्यंत जाणार कशी? आणि ज्याने कंटाळून किंवा आजारी पडून गेल्याच महिन्यात काम सोडले, तो तर कोणत्याच यादीत नसतो. टिकून राहिलेल्यांनाच विचारले, तर उत्तर टिकून राहण्याजोगेच येणार.

अर्थव्यवस्थेबद्दलच्या प्रश्नांतही हाच फरक जाणवतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने 2022 मध्ये केलेल्या सर्वेक्षणात 73 टक्के प्रौढांनी आपले स्वतःचे बरे चालले आहे असे सांगितले, पण देशाची अर्थव्यवस्था चांगली आहे असे म्हणणारे होते अवघे 18 टक्के. कोणी म्हणेल, लोक गोंधळलेले आहेत. मला तसे वाटत नाही. आपला खिसा माणूस रोज हाताळतो. देशाची अर्थव्यवस्था त्याला बातम्यांतून, भाववाढीतून आणि शेजाऱ्याच्या सुटलेल्या नोकरीतून कळते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, फक्त ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. त्याच सर्वेक्षणात आणखी एक प्रश्न होता, अचानक 400 डॉलरचा खर्च आला तर तो कसा भागवाल? रोख रकमेतून किंवा तिच्यासारख्याच साधनातून भागवू, असे 63 टक्के लोकांनी सांगितले. उरलेल्यांना कर्ज काढावे लागले असते, काही विकावे लागले असते किंवा तो खर्च झेपलाच नसता. अर्थव्यवस्थेबद्दलच्या मतापेक्षा मला हा प्रश्न शंभर पटींनी मोलाचा वाटतो, कारण इथे उत्तर देणाऱ्याला मत बनवावे लागत नाही, आपला हिशेब आठवावा लागतो.

राहणीमानाबद्दल विचारताना तर हे अधिकच खरे ठरते. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये टेक्सासमधील 909 नोकरदार स्त्रियांना आयुष्याबद्दल मत विचारण्याऐवजी कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत त्रासाच्या वेळांमध्ये निघाला. ‘तुमचे जीवनमान कसे आहे’ या प्रश्नावर हा प्रवास कोणाला आठवला असता? व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल गावात गिरणी बंद पडल्यावर 1931–32 मध्ये सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेकारांचा अभ्यास केला, तेव्हा ते केवळ लोकांच्या भावना विचारून थांबले नाहीत, तर रस्त्यावर माणसे किती सावकाश चालतात आणि किती वेळा थांबतात हे घड्याळ लावून पाहिले, वाचनालयाच्या नोंदीही तपासल्या. लोकांकडे पूर्वी कधी नव्हता एवढा वेळ होता, पुस्तके घ्यायला पैसेही पडत नव्हते, तरी वाचन निम्म्यावर आले होते. काम गेल्यावर पगारासोबत दिवसाचा आकारही जातो, हे त्या नोंदींनी जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्याही समाधानाच्या मोजपट्टीने दाखवले नसते.

म्हणून कामगारांचे सर्वेक्षण करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की प्रश्न ठरवायलाच कामगारांना सोबत घ्यावे. कोणत्या यंत्रावर हात भाजतो, कोणत्या पाळीत लघवीला जायलाही परवानगी घ्यावी लागते, हे कार्यालयात बसून प्रश्न लिहिणाऱ्याला सुचत नाही. नोकरी सोडून गेलेल्यांनाही गाठावे. झोप, सुट्टी, प्रवास, दुखणे आणि उधारी यांबद्दल नेमक्या दिवसांचे विचारावे. आणि निष्कर्ष वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचतील त्याच दिवशी उत्तरे देणाऱ्यांच्याही हाती पडावेत, त्यांच्या भाषेत, कोणत्या तक्रारीवर काय करायचे ठरले आणि कधीपर्यंत, याच्या तारखांसह. मागच्या वर्षीच्या प्रश्नावलीचे काय झाले हे ज्या कारखान्यात कोणालाच कळलेले नाही, तिथे यंदाची प्रश्नावली कोणी मनापासून भरणार नाही.