नमुना-सिम्युलेटरचे आकडे अंदाजपंचे नसतात

‘नमुने घेणारे सिम्युलेटर प्रोग्रामचा एक टक्काही भाग तपशीलवार चालवत नाहीत, म्हणून त्यांचे आकडे अंदाजपंचे, वापरायचेच तर सर्व नमुन्यांच्या आयपीसीची सरासरी काढा आणि तीन टक्क्यांखालचा फरक सोडून द्या,’ असा संदेश सध्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. माझ्या भाचीने तो प्रमाण मानून एम.टेक.च्या प्रबंधातले तक्ते बदलायला घेतले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. हे सिम्युलेटर म्हणजे प्रोसेसरच्या रचनेची नक्कल करून तिचा वेग मोजणारे सॉफ्टवेअर; वेळ वाचवण्यासाठी ते प्रोग्रामचे निवडक तुकडे, म्हणजे नमुने, तेवढेच तपशीलवार चालवते. आयपीसी म्हणजे प्रोसेसरच्या एका सायकलमध्ये (घड्याळाच्या एका ठोक्यात) सरासरी किती इन्स्ट्रक्शन (आज्ञा) पूर्ण होतात तो आकडा; सीपीआय हा त्याचा व्यस्त, म्हणजे एका इन्स्ट्रक्शनला सरासरी किती सायकल लागतात तो.

एक टक्क्याचा आक्षेप तर संख्याशास्त्राच्या प्राथमिक धड्यालाच धरून नाही. किती नमुने लागतील हे प्रोग्रामच्या लांबीवर नव्हे, तर सीपीआय किती चढउतार करतो यावर ठरते. सीपीआयचे प्रमाण विचलन (चढउताराचे माप) त्याच्या सरासरीइतकेच असेल, तर 99.7 टक्के विश्वासाने ±3 टक्क्यांच्या आत येण्यासाठी सुमारे 10,000 नमुने पुरतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 2003 मध्ये मांडलेल्या ‘स्मार्ट्स’ या नमुना-पद्धतीत स्पेक 2000 या प्रोसेसर-चाचणीच्या प्रमाणित संचातील प्रत्येक प्रोग्रामच्या पाच कोटींहून कमी इन्स्ट्रक्शन तपशीलवार चालवल्या होत्या, आणि सीपीआयमधील सरासरी चूक 0.64 टक्के निघाली.

खरा घातक सल्ला आयपीसीच्या सरासरीचा आहे. हजार-हजार इन्स्ट्रक्शनचे दोन नमुने घ्या: एकाला 500 सायकल लागल्या, दुसऱ्याला 2,000. आयपीसी अनुक्रमे 2 आणि 0.5, म्हणजे संदेशानुसार सरासरी 1.25. प्रत्यक्षात 2,000 इन्स्ट्रक्शनना 2,500 सायकल लागल्या, म्हणजे आयपीसी 0.8 आहे! वेळ खाणारा नमुना इथे झाकला जातो आणि प्रोसेसर दीडपटीहून अधिक वेगवान दिसतो. नमुने समान इन्स्ट्रक्शनचे असतील तर सरासरी सीपीआयचीच काढावी आणि आयपीसी हवाच असेल तर शेवटी त्याचा व्यस्त घ्यावा.

तीन टक्क्यांच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. तुलनेतल्या दोन प्रोसेसर-रचनांचे नमुने स्वतंत्रपणे निवडले असतील, तर एवढ्या लहान फरकावर दावा करू नये. मात्र दोन्ही रचना प्रोग्रामच्या त्याच ठिकाणांवर चालवून जोडीजोडीने वजाबाकी केली, तर त्या फरकातील चढउतार बहुधा खूपच कमी असतो आणि एका टक्क्याची सुधारणाही सिद्ध करता येते.

जे सांगायला हवे होते, ते मात्र संदेशात नाही. दोन नमुन्यांमधल्या अंतरात कॅश (नुकताच वापरलेला डेटा जवळ ठेवणारी लहान, वेगवान मेमरी) आणि ब्रँच प्रेडिक्टर (प्रोग्राम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणारा भाग) अद्ययावत ठेवले नाहीत, तर प्रत्येक नमुना शिळ्या किंवा रिकाम्या कॅशवर सुरू होतो आणि सीपीआय एकाच दिशेने सरकतो. ही चूक ±3 टक्क्यांच्या हिशेबात धरलेलीच नसते, आणि नमुने कितीही वाढवले तरी ती कमी होत नाही.