जातपंचायतीच्या दंडाला घटनेचे संरक्षण आहे का?

मराठवाड्यातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर जातपंचायतीच्या समर्थनार्थ एक मजकूर वरचेवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मांडणी तीच राहते : राज्यघटनेने अनुच्छेद १३ मध्ये रूढीला कायद्याचा दर्जा दिला आहे, अनुच्छेद २५, २६ आणि २९ यांनी धर्म व संस्कृती जपण्याचा हक्क दिला आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच बहिष्कारबंदीचा कायदा रद्द केला आहे, आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने पारंपरिक न्यायनिवाड्याला मान्यता दिली आहे, ज्याला पंचांचा निर्णय मान्य नाही त्याने खुशाल जात सोडावी, आणि पंच एका बैठकीत जो निकाल देतात त्यासाठी कोर्टात पिढ्या जातात. यांतली काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती तपासून पाहणे आवश्यक आहे. या मजकुराच्या बळावर ज्यांच्याकडून दंड वसूल होतो, त्यांना घटनेची प्रत उघडून पाहण्याची उसंत क्वचितच मिळते.

अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या संज्ञेत रूढी आणि प्रथा यांचा समावेश आहे, हे खरे. परंतु तो कशासाठी केला, हे त्याच अनुच्छेदात आधी लिहिलेले आहे : घटना लागू होण्यापूर्वीचे जे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील, ते त्या विसंगतीपुरते शून्यवत ठरतील. रूढीला कायदा म्हटले गेले ते तिला हक्कांच्या कसोटीला लावता यावे म्हणून. तसे नसते तर ‘हा कायदा नव्हे, ही आमची चाल आहे’ असे सांगून कोणालाही समतेच्या हक्कातून सुटून जाता आले असते. नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ मध्ये लग्न, वारसा यांसारख्या बाबींचे धर्माधारित व्यक्तिगत कायदे या कसोटीबाहेर ठेवले आणि त्या निकालाबद्दल आजही मतभेद आहेत. पण पंचांनी ठोठावलेला दंड हा काही व्यक्तिगत कायदा नव्हे.

घटना आणि तिच्याखालचे कायदे रूढीच्या मुळावर उठले आहेत, हा त्या मजकुराचा गर्भित आरोपही टिकत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे बहीण-भावांच्या मुलांमधले हे नाते निषिद्ध आहे, आणि तरीही ज्या समाजात तशी रूढी आहे तेथे तोच कायदा ते लग्न वैध मानतो. रूढीप्रमाणे होणारी काडीमोडही त्या कायद्याच्या कलम २९ ने राखून ठेवली आहे. अट एवढीच की रूढी दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळलेली असावी, निश्चित असावी आणि अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरोधात नसावी. ती आहे असे जो म्हणतो त्याने ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. पंचांनी कोऱ्या कागदावर अंगठे घेतले म्हणून रूढी सिद्ध होत नाही. एखाद्या जातीने लग्न मोडल्याचे जाहीर करून स्त्रीला दुसऱ्या लग्नाची मोकळीक दिली, तर तो अधिकार न्यायालये मानणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्येच म्हटले होते. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो निकाल येथे लागू नव्हता. पण न्यायालयांनी जातीच्या कारभारात लक्ष घालणे हे आजकालचे खूळ नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. अनुच्छेद २६ धार्मिक संप्रदायांना आहे, आणि दंड वसूल करणारी जातपंचायत हा धार्मिक संप्रदाय नव्हे. अनुच्छेद २९ भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्यासाठी आहे. माणसाला पाणवठ्यावरून हाकलणे यात बसत नाही.

१९६२ च्या निकालाचा मुद्दा मात्र गंभीर आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द केला, कारण धर्माच्या कारणावरून केलेला बहिष्कार हा संप्रदायाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे एकट्याचे मत वेगळे होते : बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो, असे त्यांनी दाखवले. हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. परंतु या निकालाचा आधार धर्मश्रद्धेचे रक्षण हा होता. आंतरजातीय लग्न केले, पंचांना न विचारता पोलिसांत गेले किंवा दंड भरला नाही, म्हणून घातलेल्या बहिष्काराला त्याचा आधार मिळत नाही. २०१८ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने उत्तर भारतातील खाप पंचायतींविषयी स्पष्ट सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कोणत्याही जमावाला हस्तक्षेप करता येणार नाही.

पेसा कायद्याचा उल्लेख नांदेड जिल्ह्यात विशेष होतो. १९९६ चा हा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रांना, म्हणजे घटनेनुसार जाहीर केलेल्या आदिवासी भागांना, लागू आहे, आणि मराठवाड्यात असे क्षेत्र म्हणजे गोंड, कोलाम, आंध या जमातींची किनवट-माहूर परिसरातील गावे. बीड, लातूर किंवा जालन्याच्या जातपंचायतीचा त्याच्याशी संबंध नाही. जेथे तो लागू आहे तेथेही परंपरा आणि तंटे मिटवण्याची रूढ पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतील सर्व स्त्री-पुरुष. मूठभर पंच नव्हेत. शिवाय या कायद्याचे कलम ४ ‘घटनेच्या भाग ९ मध्ये काहीही असले तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. भाग ९ पंचायत राजचा. मूलभूत हक्क भाग ३ मध्ये आहेत आणि त्यांना या कायद्याने हातही लावलेला नाही. आदिवासींच्या रूढींचा सन्मान मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल मोलाचा वाटतो : छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या वादात, स्त्रीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती स्त्री म्हणून वाटा नाकारणे हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने ठरवले.

‘मान्य नसेल तर जात सोडा’ हे वाक्य मला सर्वांत निर्दय वाटते. बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची उचल, मुकादम आणि टोळी बहुतेकदा भावकीतून आणि ओळखीतून जुळते. वाळीत पडलेल्याला कोयता घेऊन जायला टोळी मिळत नाही, मुलीची सोयरीक मोडते, अडीनडीला हातउसने मिळत नाही आणि घरात मयत झाली तर खांदा द्यायला कोणी येत नाही. त्याने जायचे कोठे? घटनेने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचे समाधान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात व्यक्त केले होते. समूहाचे हक्क घटनेला मान्य आहेत, पण समूहातल्या सर्वांत दुबळ्या माणसाचा हक्क समूहाविरुद्धही टिकला पाहिजे.

राहिला कोर्टातील विलंबाचा मुद्दा. तो खरा आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्या जमातींवर १९५२ पर्यंत जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांनी पोलिसांपेक्षा माळेगावच्या जत्रेत बसणाऱ्या आपल्या पंचांवर विश्वास ठेवला, यात नवल काहीच नाही. समजूत घालून भांडण मिटवणाऱ्या वडीलधाऱ्यांना आजही कोणी अडवत नाही. २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम त्याच पायावर उभी आहे, आणि लोकअदालतीतील तडजोडीला तर दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. हरकत आहे ती सक्तीला, जिच्याविरुद्ध अपील नाही, ज्या बैठकीत बाईच्या प्रकरणात अनेकदा बाईलाच बोलू दिले जात नाही. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढणे त्यात अपेक्षित आहे. पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही तक्रार करू शकते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.