परक्याची बत्तिशी

गेल्या मंगळवारी एका संपूर्ण अनोळखी गृहस्थाने खिशातला रुमाल काढून माझी हनुवटी पुसली. मी दोन मुलांचा बाप आहे, कार्यालयात चार माणसे मला विचारून काम करतात, आणि यापूर्वी माझी हनुवटी पुसण्याचा अधिकार फक्त आईने बजावला होता, तोही मी दुपट्यात असताना. तरीही दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या बाकावर, भर दुपारी, तीन साक्षीदारांसमक्ष हे घडले आणि मी त्या गृहस्थांचे आभारही मानले. ते आभार कोणाला समजतील असे उच्चारता आले नाहीत, एवढेच काय ते समाधान.

दाढेची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. आधी थंड पाण्याने क्षणभर कळ येई आणि जाई. मी दुसऱ्या बाजूने पाणी पिऊ लागलो आणि प्रश्न सुटला असे मानले. मग कळ येऊन रेंगाळू लागली. मग गरम पाण्यानेही येऊ लागली. शेवटी ती कशाचीही वाट न पाहता रात्री दोन वाजता, मी आडवा पडलो की येऊ लागली, कारण आडवे पडल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आतल्या सुजलेल्या गराला भिंती ढकलून पसरण्याची सोय नसते. गंमत म्हणजे मला वरची दाढ दुखते आहे असे ठामपणे वाटत होते. डॉक्टरबाईंनी आरशाच्या दांड्याने वरच्या दाढेवर टकटक केले, मला काहीच झाले नाही. खालच्या दाढेवर केले आणि मी खुर्चीतून वीतभर वर उठलो. आपल्याच तोंडात नेमके कुठे दुखते आहे हेही आपल्याला सांगता येऊ नये, यासारखा अडाणीपणा नाही.

"ही ३६ नंबरची आहे," डॉक्टरबाई मदतनीस मुलीला म्हणाल्या. ३२ दातांच्या तोंडात ३६ नंबर कुठून आला, असा प्रश्न मला पडला. पुढे कळले की पहिला आकडा तोंडाच्या चार कोपऱ्यांपैकी कोणता ते सांगतो आणि दुसरा मधल्या पटाशीच्या दातापासून मोजलेला क्रमांक असतो. म्हणजे तिसऱ्या कोपऱ्यातला सहावा दात. त्या दाढेशी माझा ३६चा आकडा आहे हे मला दोन आठवडे ठाऊकच होते. आता ते वैद्यकीय कागदावर नोंदले गेले.

एक्स-रेमध्ये दोन दाढांच्या मधल्या फटीतून आत गेलेली काळी सावली दिसली. मी दुखावलेल्या स्वरात सांगितले की मी दिवसातून दोनदा दात घासतो. त्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही घासत नाही, खरवडता. हिरडीपाशी खाचा पडल्या आहेत बघा. आणि ब्रश दोन दातांच्या मध्ये जात नाही, तिथे दोरा फिरवावा लागतो." म्हणजे जिथे घासायला नको होते तिथे मी घासले आणि जिथे हवे होते तिथे घासलेच नाही. शिवाय ते वाक्य आलेच, जे सगळ्या दंतवैद्यांना पदवीबरोबर दिले जात असावे: "थोडे आधी आला असतात तर नुसते सिमेंट भरून भागले असते." या वाक्याने कोणाचाही दात बरा झाल्याचे ऐकिवात नाही. आता रूट कॅनाल, म्हणजे आतला गर काढून नलिका साफ करणे, त्या भरणे आणि वर कॅप बसवणे, एवढे सगळे होते. एरवी दाढ काढून टाकणे हा दुसरा मार्ग. पण मग मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि वरची दाढ खाली उतरू लागते, असे ऐकल्यावर मी निमूटपणे आ केला.

भुलीचे इंजेक्शन खालच्या जबड्यात अगदी मागे, जिथून त्या बाजूच्या सगळ्या दातांची नस आत शिरते तिथे देतात. ते लिग्नोकेनचे असते, जे स्वीडनमध्ये १९४३ साली निल्स लॉफग्रेन यांनी तयार केले, आणि त्या मनुष्याचे उपकार मी नाकारत नाही. त्याच्या जवळजवळ १०० वर्षे आधी, डिसेंबर १८४४ मध्ये, होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने हसवणारा वायू हुंगून स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढवून घेतली आणि त्याला काही कळले नाही. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये लोकांपुढे प्रयोग करताना मात्र रोगी ओरडला. वेल्सने त्याचा दात काढला आणि प्रेक्षकांनी आपापले दात काढले; मराठीत दोन्ही कामे एकाच क्रियापदात होतात, ही आपल्या भाषेची क्रूर सोय आहे. माझी अडचण वेगळी होती. दाढ फार सुजलेली असली की भूल नीट चढत नाही, म्हणून बाईंनी दुसरे इंजेक्शन दिले आणि म्हणाल्या, "दहा मिनिटे बाहेर बसा. तोवर मी या काकूंचे दात साफ करून घेते."

काकू आत गेल्या. काका बाहेर राहिले. मी त्यांच्या शेजारी बसलो, कारण दुसरी जागा नव्हती.

काका साधारण सत्तरीचे, ताठ बसलेले, इस्त्रीच्या कपड्यांतले होते. दंतवैद्याकडे आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो एक शरणागतीचा भाव असतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "कीड?"

मी मान हलवली.

"काढताना दिसते का हो ती? म्हणजे केवढी असते?"

आता, दाताला लागते ती कीड म्हणजे वळवळणारी अळी नव्हे, हे पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली छापून सांगितले होते. त्यापूर्वी हजारो वर्षे, थेट बाबिलोनच्या मातीच्या विटांपासून, दाढेत अळी राहते असेच जग समजत होते. प्रत्यक्षात तोंडातले जंतू आपल्या वाट्याची साखर खाऊन आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कवच विरघळत जाते. हे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, मात्र त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे हाडासारखे सांधून येणे त्याला जमत नाही. हे सगळे मला ठाऊक होते, पण माझा डावा ओठ तोपर्यंत उशीएवढा झाल्यासारखा वाटत होता आणि निम्मी जीभ दुसऱ्या कोणाची तरी होती. एरवी मी दातांच्या कण्या करून त्यांना समजावले असते. मी म्हणालो, "नथथे." ते त्यांना "नसते" असे ऐकू आले नाही.

"नाग असतो?" काका चमकले. "नागासारखी दिसते?"

मी हात हलवून विषय झटकला. काकांनी तो माझ्या वेदनेचा भाग समजून माझ्या गुडघ्यावर थोपटले. मग त्यांनी सांगितले की त्यांनी आयुष्यात दंतवैद्याच्या खुर्चीत पाऊल ठेवलेले नाही, ते केवळ पत्नीसोबत येतात, आणि तिलाही नको म्हणत होते, कारण मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात. हीसुद्धा मला खोडून काढता येण्यासारखी गोष्ट होती. हिरड्यांखाली दगडासारखे टणक किटण साचते, त्याने हिरड्या सुजून रक्त येते, दातांखालचे हाड हळूहळू झिजते आणि दात आधीच ढिले झालेले असतात. किटण त्यांना फक्त लिंपून धरते, आणि ते निघाले की खरी परिस्थिती कळते. मशीनवर आळ घेणे म्हणजे धूळ पुसल्यामुळे आरशात सुरकुत्या आल्या असे म्हणणे आहे. पण मी काहीच बोललो नाही. चुकीचे बोलणारा माणूस शेजारी आणि बरोबर उत्तर बधिर जिभेखाली, या यातनेपुढे दाढदुखी काहीच नाही.

"माझे पाहा," काका म्हणाले. "३२च्या ३२. एकही गेला नाही, एकही भरला नाही. मोजा."

मला वाटले हे बोलण्याच्या ओघात आले. तेवढ्यात त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून तो माझ्या हातात दिला, मान मागे टाकली आणि आ वासला. समोर बसलेल्या बाई आणि त्यांचा शाळकरी मुलगा आमच्याकडे पाहू लागले. नोंदवहीवरची मुलगी लिहायची थांबली. माझ्यापुढे दोन पर्याय होते: टॉर्च परत देणे किंवा मोजणे. मी मोजले. का मोजले, याचा मी आठवडाभर विचार करतो आहे.

वरचे १६ भरले. खालचे मोजताना उजवीकडे शेवटी काहीच सापडेना. सातव्या दातामागे नुसती गुलाबी हिरडी होती. मी पुन्हा मोजले. १५. अक्कलदाढ काहींना जन्मतःच नसते, काहींची हिरडीखाली हाडात आडवी पडून राहते, त्यामुळे यात लाजण्यासारखे काही नव्हते. मी टॉर्च खाली घेतला आणि म्हणालो, "एथीथ."

"बत्तीस!" काका समोरच्या बाईंना म्हणाले.

"एथीथ," मी जोर देऊन म्हणालो. एकतीस आणि बत्तीस यांतला फरक ओठांनी आणि जिभेने करायचा असतो, आणि माझ्याकडे दोन्ही अर्धीच होती. मग मी बोटे वापरली. डाव्या हाताची तीन, उजव्या हाताचे एक.

"चार?" काका गोंधळले. "चार कुठले? नीट मोजा हो, घाई नाही."

त्यांनी पुन्हा आ केला. मी हट्टाला पेटलो होतो. मी खाली वाकलो, खालच्या उजव्या कोपऱ्यात प्रकाश टाकला आणि एकेका दाताकडे बोट करत मोजू लागलो. लहान मुलाला घास भरवताना आपण स्वतः आ करतो, तसे माझेही तोंड आपोआप उघडले असावे. असावे म्हणतो, कारण मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या अर्ध्या चेहऱ्याकडून कोणतीही बातमी येत नव्हती. मला फक्त एवढे दिसले की काकांच्या स्वच्छ बाहीवर एक थेंब पडला, मग दुसरा. काकांनी खाली पाहिले. वर पाहिले. खिशातून निळ्या काठाचा, चार घड्यांचा रुमाल काढला आणि, आधी बाही नव्हे, माझी हनुवटी पुसली. हळूच, दोन्ही बाजूंनी, सवयीच्या हाताने.

"भूल दिल्यावर माणसाला नीट मोजता येत नाही," ते समोरच्या बाईंना सांत्वनपर म्हणाले. मग रुमाल माझ्या हातात कोंबत, "ठेवा. लागेल अजून."

शाळकरी मुलगा मोठ्याने हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, हे मी सूडबुद्धीने नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी आ केलेल्या यजमानांकडे, माझ्या हातातल्या टॉर्चकडे आणि रुमालाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, पुन्हा?" त्या "पुन्हा"मध्ये माझ्याआधी टॉर्च धरलेले किती जण होते, ते मला कळले नाही.

आतल्या खुर्चीवरचा भाग त्यामानाने निर्वेध पार पडला. दाढेभोवती रबराचा पडदा लावला, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औजारे घशात जात नाहीत. या दाढेला बहुधा तीन किंवा चार नलिका असतात. माझ्या दाढेने उदारपणे चार दिल्या. टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या सुयांनी त्या एकेक करून खरवडल्या, पोहण्याच्या तलावासारखा वास येणाऱ्या द्रवाने धुतल्या आणि तात्पुरते सिमेंट भरून मला आठवड्याने बोलावले. जाताना बाईंनी बजावले की ओठाची बधिरता उतरेपर्यंत काही चावू नका, नकळत ओठच चावून निघेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ ही म्हण भाऊबंदकीबद्दल आहे असे मी आजवर समजत होतो.

हसण्यावारी नेले तरी मला राग आहे आणि तो काकांवरच नाही. पाय मोडला तर माणसाला उचलून नेतात, दाढ दुखते म्हटले तर "अजून दाखवले नाहीस?" असे विचारतात, जणू दात शरीराला नंतर चिकटवलेले असतात. कार्यालयात मी रजेच्या अर्जावर दाढेचे कारण लिहिले तेव्हा साहेबांनी "अर्धा दिवस पुरेल ना?" असे विचारले. ज्याने जन्मात दोरा हातात धरला नाही त्याला ३१ धडधाकट दात मिळतात, आणि दोनदा घासणाऱ्याला चार नलिकांची दाढ. कोणाची लाळ कशी, दातांवरच्या खाचा किती खोल, दात किती दाटीने आलेले, यावरही बरेच अवलंबून असते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. खरे असेल. मला त्याने बरे वाटले नाही.

रुमाल मी धुतला, इस्त्री केला आणि काल दुसऱ्या खेपेला परत करण्यासाठी खिशात घालून नेला. काका नव्हते. नोंदवहीवरच्या मुलीकडे तो ठेवावा, तर तिने मला ओळखून ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि तिला ते कशासाठी मिटावे लागले हे मला कळत होते. मग रुमाल तसाच खिशात ठेवून मी आत गेलो. या वेळी एकच इंजेक्शन पुरले. नलिका झाडाच्या चिकापासून केलेल्या गटापर्चाने भरल्या, कॅपसाठी माप घेतले, आणि चूळ भरायला सांगितले तेव्हा पेल्यातले निम्मे पाणी डाव्या ओठावरून परस्पर सदऱ्यावर गेले. मदतनीस मुलगी कागद आणायला वळली, पण मी थांबलो नाही. निळ्या काठाचा रुमाल काढून मी माझी हनुवटी स्वतः पुसली.

आता तो पुन्हा धुवायला टाकला आहे.