बूथचा लंडन-नकाशा: रंग रस्त्यांचे आहेत, घरांचे नव्हेत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स बूथ यांनी केलेल्या, वस्त्यांची गरिबी-श्रीमंती रंगांनी दाखवणाऱ्या लंडनच्या दारिद्र्य-नकाशाचे एक रंगीत चित्र आणि त्याखालचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. मजकुराचा आशय असा: ‘जॅक द रिपरला पकडण्यासाठी लंडनच्या पोलिसांनी घरोघरचे उत्पन्न मोजून हा नकाशा रंगवला. काळी घरे गुन्हेगारांची आणि पिवळी घरे श्रीमंतांची. पूर्वेला सगळे गरीब, पश्चिमेला सगळे श्रीमंत. आता नकाशा ऑनलाइन असल्यामुळे झूम केले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये राहिले त्या घराची तेव्हाची परिस्थितीही कळते.’ नकाशा खरा आहे, चित्रही खरे आहे. मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान मात्र चुकीचे आहे, आणि ज्या नकाशामुळे दारिद्र्याची चर्चा अंदाजांवरून मोजमापाकडे वळली त्याच्याविषयी असे लिहिले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिला मुद्दा पोलिसांचा आणि रिपरचा. ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अज्ञात खुन्याने पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल भागात केलेले खून १८८८ सालचे आहेत. बूथ यांनी आपली पाहणी १८८६ मध्येच सुरू केली होती. ते लिव्हरपूलचे जहाजमालक होते आणि पाहणीचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. १८८९ मध्ये पहिला नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यामागची मुख्य माहिती पोलिसांची नव्हती, ती शाळा मंडळाच्या तपासनिसांची होती. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर स्थापन झालेल्या या मंडळाचे तपासनीस शाळेच्या वयाची मुले असलेल्या कुटुंबांच्या दारात वारंवार जात, त्यामुळे कोणाचा बाप काय काम करतो आणि कोणाची चूल कशी चालते हे त्यांना ठाऊक असे. बूथ आणि त्यांचे सहकारी या तपासनिसांना समोर बसवून त्यांच्याकडून वस्त्यांची माहिती टिपून घेत. पोलीस या कामात आले ते जवळपास दहा वर्षांनी. जुना नकाशा ताजा करण्यासाठी १८९७ पासून जॉर्ज डकवर्थ आणि इतर सहकारी बीटवरच्या पोलिसाबरोबर रस्तोरस्ती पायी हिंडले आणि त्यातून १८९८-९९ चा बारा मोठ्या कागदांवर छापलेला नकाशा तयार झाला. आज ऑनलाइन आपण सहसा पाहतो तो हाच नकाशा.

घरोघरच्या उत्पन्नाचा दावा सर्वांत जास्त दिशाभूल करणारा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सुरुवातीला ईस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या पूर्वेकडच्या कष्टकरी भागात, कुटुंबागणिक नोंदी घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु एवढ्या तपशिलाने सबंध लंडन पुरे होणे शक्य नाही हे लवकरच लक्षात आले आणि उरलेल्या शहरासाठी रस्ता हे एकक धरले गेले. शिवाय तपासनिसांकडे माहिती होती ती मुले असलेल्या घरांची. ज्या घरात शाळेच्या वयाचे मूल नाही, ते घरही शेजाऱ्यांसारखेच असेल असे गृहीत धरून पुढची आकडेमोड झाली. बूथ यांनी ही पद्धत लपवली नाही, ती त्यांच्या ग्रंथांत स्पष्ट मांडलेली आहे.

नकाशाची रंगसूची वाचली तरी हा दावा टिकत नाही. सूचीत सात रंग आहेत: काळा, गडद निळा, फिका निळा, जांभळा, गुलाबी, लाल आणि पिवळा. या सातांपैकी पैशांचा आकडा फक्त फिक्या निळ्यासमोर आहे, ‘गरीब, मध्यम आकाराच्या कुटुंबाला आठवड्याला १८ ते २१ शिलिंग’. जांभळ्यासमोर ‘संमिश्र, काही सुस्थितीत तर काही गरीब’ एवढेच आहे, आणि गुलाबी म्हणजे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी, नेहमीची चांगली कमाई असलेले लोक. ही उत्पन्नाची कोष्टके नाहीत, ती वर्णने आहेत. सूचीखाली असेही सांगितले आहे की एकाच रस्त्यावर दोन रंग एकत्र दिसले, जसे गडद निळा आणि काळा, तर त्या रस्त्यावर दोन्ही वर्गांचे लोक बऱ्याच प्रमाणात राहतात असे समजावे. घर हे एकक असते तर अशा टीपेची गरजच पडली नसती.

प्रमाणाचा हिशेब करून पाहिला तर शंका उरत नाही. नकाशा मैलाला सहा इंच या प्रमाणावर छापलेला आहे, म्हणजे १:१०,५६०. कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवरचा सुमारे साडेदहा मीटर होतो. लंडनच्या गरीब गल्लीतल्या चाळवजा, एकमेकांना लागून असलेल्या घरांचा दर्शनी भाग साधारण साडेचार-पाच मीटरचा असे, म्हणजे छापील नकाशावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. इतक्या जागेत घरागणिक वेगळा रंग भरणे त्या छपाईला शक्यच नव्हते. पडद्यावर झूम केले की रंगाचा पट्टा मोठा होतो, माहिती मात्र तेवढीच राहते. घरागणिक बाह्यरेखा दाखवणारा त्या काळचा नकाशा ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-संस्थेचा मैलाला पाच फूट प्रमाणाचा १८९० च्या दशकातला लंडन-नकाशा आहे आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तोही पडद्यावर खुला केला आहे. त्यात घरे दिसतात, पण घरातल्यांची गरिबी दिसत नाही. दोन्ही नकाशे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

आता काळ्या रंगाविषयी. सूचीत काळ्यासमोर ‘सर्वांत खालचा वर्ग, दुराचारी, अर्धगुन्हेगार’ असे शब्द आहेत हे मान्य केलेच पाहिजे, आणि ते शब्द आज वाचताना टोचतात. परंतु सूचीतला शेरा म्हणजे पाहणीचा निष्कर्ष नव्हे. बूथ यांनी लोकसंख्येचे आठ वर्ग केले होते. त्यातला सर्वांत खालचा वर्ग त्यांच्याच मोजणीनुसार सबंध लंडनच्या अवघा ०.९ टक्के, म्हणजे ३७,६१० माणसे होता. याउलट एकूण दारिद्र्यात ३०.७ टक्के लोक होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ईस्ट लंडनमधल्या सर्वांत खालच्या दोन वर्गांतल्या १,६१० कुटुंबप्रमुखांच्या दारिद्र्याची कारणे त्यांनी तपासली, तेव्हा ५५ टक्क्यांच्या बाबतीत कारण रोजगाराशी निगडित निघाले: काम अनियमित, किंवा मजुरी अपुरी. २७ टक्क्यांच्या बाबतीत आजारपण, मोठे कुटुंब अशी परिस्थिती होती. दारू आणि उधळेपणा १४ टक्के, आणि काम टाळणारे केवळ ४ टक्के. ज्या पाहणीने गरिबीचे मूळ बहुतांशी स्वभावात नसून रोजगारात आहे हे आकड्यांनी दाखवले, तिच्याच नकाशाखाली ‘गुन्हेगारांची घरे’ असे लिहिणे हा त्या माणसांवरही अन्याय आहे.

पोलिसांबरोबर फिरून केलेल्या नोंदींची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. खिडक्यांच्या काचा फुटक्या आहेत का, दारे उघडी टाकलेली आहेत का, मुलांच्या पायांत बूट आहेत का, खिडकीत फुलझाडे आहेत का, अशा खुणांवरून फिरणारा आपले मत बनवी आणि सोबतचा पोलीस आपल्या अनुभवाची भर घाली. पोलिसाला गल्ली ठाऊक असते ती भांडणांमुळे आणि तक्रारींमुळे. मुकाट्याने उपाशी राहणारे घर त्याच्या लक्षात राहण्याचे कारण नाही. त्यामुळे नकाशावरचा रंग हा बाहेरून पाहणाऱ्याने नोंदवलेला ठसा आहे, हे विसरून चालणार नाही.

‘पूर्व गरीब, पश्चिम श्रीमंत’ या विधानाला थोडक्यात उत्तर देता येते. ईस्ट एंडमध्ये दारिद्र्याचे प्रमाण ३५ टक्के होते, सबंध लंडनपेक्षा जास्त खरे, पण फार जास्त नव्हे. सर्वांत दाट दारिद्र्य आढळले ते टेम्सच्या दक्षिणेला, ब्लॅकफ्रायर्स आणि लंडन ब्रिज यांच्या दरम्यान, जिथे शंभरांतले ६८ जण गरीब होते. पश्चिमेला केन्सिंग्टनच्या पिवळ्या-लाल पट्ट्यांपासून थोड्याच अंतरावर नॉटिंग डेलची गडद वस्ती आहे. नकाशा सरकवत पाहिला की श्रीमंत हमरस्त्यामागच्या बोळांत रंग एकदम काळवंडतो, असे ठिकठिकाणी दिसते.

राहिला आंबेडकरांच्या घराचा मुद्दा. किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले, त्यामुळे मराठी वाचकाने नकाशावर तो रस्ता शोधावा हे स्वाभाविकच आहे. मात्र नकाशा १८९८-९९ चा आहे. बाबासाहेब तिथे येण्याआधी वीसहून अधिक वर्षे उलटली होती आणि मध्ये एक महायुद्ध होऊन गेले होते. त्या रस्त्याचा रंग त्यांच्या खोलीविषयी, भाड्याविषयी किंवा हालअपेष्टांविषयी काहीही सांगू शकत नाही. बाबासाहेबांशी या नकाशाचा खरा धागा वेगळा आहे. बूथ यांच्या पाहणीत काम केलेल्या बिअॅट्रिस पॉटर, म्हणजे पुढच्या बिअॅट्रिस वेब, या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक होत्या. त्याच संस्थेत बाबासाहेब शिकले आणि आज त्याच संस्थेच्या ग्रंथालयात बूथ यांच्या पाहणीच्या मूळ वह्या आहेत.

त्या ग्रंथालयाने हा नकाशा आजच्या लंडनच्या नकाशावर बसवून सर्वांसाठी खुला केला आहे आणि पोलिसांबरोबरच्या फेऱ्यांच्या वह्यांची हस्तलिखित पानेही तिथे वाचता येतात. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी बेथनल ग्रीनजवळच्या ओल्ड निकोल या वस्तीपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. १८८९ च्या नकाशावर ती काळी होती. लंडन काउंटी कौन्सिल या शहराच्या तेव्हाच्या स्थानिक प्रशासनाने ती पाडून तिथे बाउंड्री इस्टेट ही नवी वसाहत बांधली आणि १९०० मध्ये तिचे उद्घाटन झाले. पाडलेल्या घरांच्या राडारोड्याचा उंचवटा करून मधोमध गोल बाग केली, ती अर्नल्ड सर्कस या नावाने आजही आहे. वसाहत सुधारली, पण ओल्ड निकोलच्या हजारो मूळ रहिवाशांपैकी अगदी मोजक्यांनाच नव्या इमारतींत जागा मिळाली. नव्या घरांचे भाडे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून बाकीचे आसपासच्या गल्ल्यांत पांगले आणि आधीच भरलेल्या त्या गल्ल्यांत आणखी दाटी झाली.