'हो गं, बंद आहे' हे उत्तर आता बंद करा

समुपदेशकाचं काम म्हणजे धीर देणं, असं बहुतेकांना वाटतं. ओसीडीच्या (नको त्या शंका सतत मनात येणं आणि त्यापायी तेच ते पुन्हा पुन्हा करत राहणं, हा आजार) बाबतीत माझं मत नेमकं उलटं आहे. धीर देणारे घरात भरपूर असतात. नवरा देतो, आई देते, शेजारच्या काकू देतात आणि त्यावरच हा आजार पोसला जातो.

उदाहरण सांगते. (दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केलेत, ओळखीचे तपशील बदललेत.) चाळिशीच्या शिक्षिका. घरातून निघताना गॅसचा नॉब बघायचा, रेग्युलेटर बघायचा, कुलूप लावलं की पुन्हा उघडून आत. पुढे पुढे नॉबचा मोबाइलवर फोटो काढून न्यायला लागल्या. मग बसमध्ये शंका, हा फोटो आजचाच ना? की लगेच नवऱ्याला फोन. "अहो, बंद होता ना?" "हो गं बाई, होता." दहा मिनिटं बरी जातात, की परत फोन.

त्या 'हो गं'ने जीव खरंच भांड्यात पडतो, पंचाईत तीच आहे. विचारलं म्हणून वाचलो, एवढंच मन शिकतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर विचारायला लावतं.

यावरची पद्धत म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. ज्याची भीती वाटते ते करायचं आणि त्यानंतरचं तपासणं, धुणं, विचारणं टाळायचं. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली अशा उपचाराची पहिली दोन उदाहरणं मांडली. त्यांच्या पद्धतीत नर्स रुग्णासोबत थांबून त्याला रोखायच्या, प्रसंगी खोलीतलं पाणीही बंद केलं जायचं. आज असली सक्ती कुणी करत नाही, करूही नये. कशाची किती भीती वाटते याची ० ते १०० आकडे घालून यादी करायची, ती क्लायंटनेच. सुरुवात सोप्यापासून.

बाईंच्या यादीत गॅस बराच वर होता. तिथवर पोचल्यावर आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा केला. नॉब एकदाच बंद केला, रेग्युलेटरला हात नाही, मोबाइल घरातच. कुलूप लावून खाली सोसायटीच्या बाकावर येऊन बसलो. मी मधून मधून आकडा विचारत होते. ८०. ९०. परत ९०. ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी झालेली. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, तुम्ही तरी बघितलंत ना?"

बघितलं होतं. पण म्हटलं, "याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय." चिडल्या. चिडणारच, फी देऊन वर हे ऐकायचं! (आणि खरं सांगू, 'हो' म्हणून मोकळं व्हायचा मोह मलाही होतो.) बऱ्याच वेळाने आकडा ६० वर आला. वर न जाता त्या तशाच भाजी आणायला गेल्या.

आकडा उतरलाच पाहिजे असंही नाही. कधी शेवटपर्यंत तो ८० वरच राहतो. शंभर टक्के खात्री नसतानाही भाजी आणता येते, हे कळणं जास्त मोलाचं.

मग नवऱ्याची शिकवणी. "नाटकं बंद कर" म्हणून खेकसायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. "मी उत्तर देणार नाहीये, पण मी आहे इथे," एवढंच. ऐकायला सोपं आहे, रात्री साडेअकराला अवघड जातं. सासूबाईंना पटवणं तर त्याहून कठीण.

माझ्याकडे आठवड्यातला एक तास असतो, बाकी सगळे तास घरातले. त्यामुळे सराव घरीच व्हायला हवा. त्रास जास्त असेल तर सायकिअ‍ॅट्रिस्टची औषधं सोबत लागतात, मी बिनदिक्कत पाठवते.

कुणाकडे जाणार असाल तर पहिल्याच भेटीत सरळ विचारा, ईआरपी करता का, घरी काय सराव देता? महिनोन्महिने नुसतं "काही होत नाही हो, पॉझिटिव्ह राहा" ऐकायला मिळत असेल तर ते काम नवरा फुकटात करतोच आहे. आणि कुठे जावं हेच कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, मराठीतही बोलतात.