चोवीस जीबीची चर्चा आणि अडलेली खरेदी

गेला महिनाभर कोल्हापुरात राजारामपुरीतील संगणकाच्या दुकानांत, उद्यमनगरात कॅडवर (संगणकावर आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्या मुलांमध्ये आणि माझ्या फोनवरही एकच प्रश्न फिरतो आहे: “दादा, 5080 सुपर येईपर्यंत थांबू का?” 5080 सुपर म्हणजे एनव्हिडिया कंपनीचे अपेक्षित नवे ग्राफिक्स कार्ड, संगणकात चित्रे घडवणारा भाग. एनव्हिडियाने अद्याप या कार्डाची अधिकृत घोषणा केलेली नाही, तरीही त्यात 24 जीबी मेमरी असणार, ते चारशे वॅटच्या पुढे वीज घेणार, असे सगळे ठरून गेल्यासारखे बोलले जाते. बंगल्यांचे आणि गृहप्रकल्पांचे थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे आत फिरून पाहिल्यासारखे व्हिडिओ, तयार करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या कार्डाची वाट मीही मनापासून पाहतो आहे, आणि म्हणूनच या चर्चेतले काय धरावे आणि काय सोडावे हे सविस्तर लिहावेसे वाटले.

24 जीबीचा आकडा मला पटतो, कारण त्यामागे सरळ गणित आहे. सध्या बाजारात असलेल्या साध्या 5080 ची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे माहिती ने-आण करणारी वाट, 256 बिटांची आहे आणि त्यातल्या जीडीडीआर 7 या प्रकारच्या मेमरीची प्रत्येक चिप त्यातले 32 बिट घेते, म्हणजे कार्डावर आठ चिप बसतात. प्रत्येकी 2 जीबीच्या आठ चिप लावल्या की आजचे 16 जीबी होतात, आणि त्याच जागी 3 जीबीच्या चिप लावल्या की बसची रुंदी न बदलता 24 जीबी होतात. अशा चिप प्रत्यक्षात वापरातही आहेत. लॅपटॉपमधील 5090 ला 256 बिटांच्याच बसवर 24 जीबी मिळतात ते त्यांच्यामुळे. रेंडरचे, म्हणजे थ्रीडी सीनपासून अंतिम चित्र तयार करण्याचे, काम करणाऱ्याला या आठ जीबींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. बागेतली झाडे, हिरवळ आणि मोठी टेक्स्चर्स (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) घातलेला सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर एक तर रेंडर बंद पडतो किंवा कार्ड संगणकाच्या रॅमचा आधार घेऊन इतके मंदावते की रात्रभराचे काम सकाळीही अर्धेच झालेले असते.

मात्र ज्या चिपमुळे ही चर्चा विश्वासार्ह ठरते, त्याच चिपमुळे कार्ड लांबणीवर पडू शकते. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे, 2025 च्या अखेरीपासून तिचे भाव झपाट्याने चढले आहेत, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा काळात 3 जीबीच्या चिप महागड्या व्यावसायिक कार्डांवर लावायच्या की गेमिंगच्या कार्डांवर, हा निर्णय कंपनी आपल्या सोयीने करणार नाही, तर कुणाच्या?

यापूर्वीच्या अफवांचा अनुभवही संमिश्र आहे. एनव्हिडियाचेच आधीचे 4090 कार्ड सहाशे वॅट घेईल असे 2022 मध्ये महिनोन्‌महिने ऐकू येत होते. ऑक्टोबरमध्ये कार्ड आले ते 450 वॅटचे. याउलट एनव्हिडियाने स्वतः बनवलेल्या 5090 चा कूलर संगणकातल्या दोनच स्लॉटांच्या जागेत बसेल ही बातमी अनेकांनी हसण्यावारी नेली होती, आणि जानेवारी 2025 मध्ये 575 वॅटचे ते कार्ड खरोखरच दोन स्लॉटांत बसवलेले निघाले. इतकेच कशाला, अधिकृत घोषणाही अखेरची नसते: 4080 चे 12 जीबीचे रूप सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर झाले, ऑक्टोबरमध्ये मागे घेतले गेले आणि जानेवारीत 4070 टीआय या नावाने बाजारात आले.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती नव्या कार्डाच्या आशेवर हातचे कार्ड विकून टाकणाऱ्यांची. सप्टेंबर 2020 मध्ये 3080 ची किंमत 699 डॉलर जाहीर झाली, तेव्हा आता जुन्या कार्डाला कुणी विचारणार नाही या भीतीने मी माझे जुने 1080 टीआय कार्ड दोन दिवसांत, मिळेल त्या भावात विकले. त्यानंतर टंचाई आली, क्रिप्टो मायनिंगची, म्हणजे हीच कार्डे वापरून आभासी चलन मिळवण्याची, लाट आली, आणि पुढचे जवळजवळ वर्षभर मी शाहूपुरीतल्या एका मित्राच्या कार्यालयात, त्याचे काम आटोपल्यावर रात्री बसून रेंडर लावत होतो. त्या वर्षात दोन बिल्डरांची कामे माझ्या हातून गेली, ती परत आली नाहीत.

किमतीच्या चर्चेत तर डॉलरचा आकडा आपल्या फारसा उपयोगाचा नसतो. 5080 अमेरिकेत 999 डॉलरला जाहीर झाले तेव्हा भारतात त्याची किंमत 1,07,000 रुपये सांगण्यात आली. अमेरिकेतल्या आकड्यात कर धरलेला नसतो, आपल्याकडे 18 टक्के जीएसटी त्यातच असतो. त्यावर दुकानदाराच्या हातात माल किती आहे, यावर पुढचा भाव ठरतो. सुपर आले तरी पहिल्या काही महिन्यांत ते कोल्हापुरात छापील किमतीला मिळेल, असे मला वाटत नाही.

म्हणून थांबू का असे विचारणाऱ्या उद्यमनगरातल्या एका मुलाला मी “थांब” असेही म्हटले नाही आणि “घे” असेही नाही. त्याच्या सर्वांत जड फाइलचे रेंडर चालू असताना मेमरी किती लागते, एवढे आधी पाहायला सांगितले. रात्री त्याचा निरोप आला: “दादा, अकरा जीबीच्या वर जात नाही.” त्याला सोळा जीबी पुरेत, आणि शनिवारी आम्ही दोघे राजारामपुरीत त्याच्यासाठी कार्ड घ्यायला जाणार आहोत. माझे सीन मात्र वीसच्या पुढे जातात. मी थांबणार आहे, पण माझे आत्ताचे कार्ड संगणकातच ठेवून.