मध्यवर्ती म्हणे!

महागड्या शहरात हॉटेलात दोन रात्री काढायच्या म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं. मागणं काय, तर मोक्याची जागा, खिशाला झेपेल असं भाडं आणि नसत्या चौकशा न करणारं काउंटर. तिन्ही एकत्र मागणं म्हणजे जणू गुन्हाच!

हॉटेलच्या जाहिरातीत 'शहराच्या केंद्रापासून फक्त दीड किलोमीटर' म्हणे. ते नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं. मधली नदी आणि रेल्वेचे रूळ आपण ओलांडायचे. फोटोतली ऐसपैस खोली ही वाइड अँगल लेन्सची करामत. प्रत्यक्षात बॅग उघडायची तर आधी पलंगावर चढून बसा. खिडकी? आहे की, शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. आणि भाडं! सकाळी बघितलं ते संध्याकाळी वाढलेलं, वर कर आणि सेवाशुल्क पैसे भरायच्या पानावरच प्रकट होणार. दुपारी २ ला चेक-इन, सकाळी ११ ला चेक-आउट, म्हणजे पैसे दिवसाचे आणि तास २१. (हे गणित मी रात्री जागून केलंय, लिफ्ट उशाशीच होती.)

बरं, एकटं गेलं तर 'एकटेच?', दुकटं गेलं तर 'नातं काय?' ओळखपत्र दिलं ना बाबा, आता किल्ली दे!